होस्टेलच्या खोलीत मरीन टँक: आधी सुट्ट्यांचा हिशेब, मग मासा

कोल्हापुरात शिकायला आलेल्या आणि वसतिगृहात दोघांच्या खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, खोलीत दीड फुटाचा खाऱ्या पाण्याचा टँक ठेवता येईल का. त्यांना गोड्या पाण्यातील माशांचा बऱ्यापैकी अनुभव आहे, क्लाउनफिशची जोडी आणि थोडे प्रवाळ ठेवण्याची इच्छा आहे, दिवाळीत आणि उन्हाळ्यात गावी जावे लागते, आणि मित्रमंडळी मालवणला जाणार असल्याने तिकडून समुद्राचे पाणी व दगड आणता येतील का, असाही प्रश्न त्यांनी जोडला आहे.

टँक ठेवता येईल. मात्र इतक्या लहान टँकमध्ये मी जोडी ठेवणार नाही, प्रवाळांच्या बाबतीत कायदा आडवा येतो, आणि मालवणचे दगड आणण्याचा विचार सोडून द्यावा. या तिन्ही गोष्टींकडे पुढे येतोच. पण त्याआधी एक मुद्दा स्पष्ट व्हायला हवा. वसतिगृहातले मरीन टँक सहसा पाण्याच्या रसायनशास्त्रापायी बुडत नाहीत. ते सुट्ट्यांपायी, वीज जाण्यापायी आणि न विचारता झालेल्या औषधफवारणीपायी बुडतात. घरच्या टँकमध्ये काही बिघडले तर कोणीतरी पाहणारे असते, होस्टेलच्या खोलीला मात्र वर्षातून काही आठवडे बाहेरून कुलूप असते. म्हणून कोणता मासा घ्यावा येथून सुरुवात न करता, मे महिन्यात खोली रिकामी करून देताना हा टँक कोठे जाणार, येथून सुरुवात करावी आणि तेथून उलटे येत आकार, वाळू, फिल्टर, प्राणी ठरवावेत.

आकाराचे पाहू. १८×१२×१२ इंचांचा काचेचा टँक कोल्हापुरात कोणताही चांगला टँक बनवणारा ६ मिलिमीटर काचेत करून देतो. त्याची पूर्ण क्षमता सुमारे ४२ लिटर भरते. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा जाता प्रत्यक्षात ३४ लिटरच्या आसपास पाणी राहते. याहून लहान टँक मी नवख्या माणसाला सुचवत नाही, कारण पाणी जितके कमी तितकी त्याची क्षारता (खारेपणा) आणि तापमान झपाट्याने बदलतात. आणि याहून मोठा टँक दुसऱ्या मजल्यावरून एकट्याने उतरवता येत नाही. पाणी, काच, दगड मिळून वजन ५० किलोच्या पुढे जाते, त्यामुळे होस्टेलचे प्लायवूडचे टेबल त्याला योग्य नाही. ओल लागून प्लायची कड फुगते आणि टँकचा तळ एका कोपऱ्यावर टेकू लागतो. लोखंडी अँगलचे बुटके स्टँड करून घ्यावे, ते भिंतीला लागून ठेवावे आणि काचेखाली अर्ध्या इंचाचे थर्माकोल घालावे. वाळू एक इंचाहून जाड नको. जाड थरात कालांतराने घाण आणि कुजका वायू साठतो व टँक हलवताना तो सगळा एकदम पाण्यात येतो. वर्षातून एकदा हलवावाच लागणार असलेल्या टँकमध्ये तळ जवळजवळ उघडा ठेवला तरी मला चालतो.

रेक्टरांची परवानगी लेखी घ्यावी, आणि अर्जात ‘हीटर’ हा शब्द नुसता लिहू नये. बहुतेक वसतिगृहांत पाणी तापवण्याचा रॉड आणि इंडक्शन यांना बंदी असते, आणि तपासणीला आलेल्या माणसाला काचेच्या नळीतला टँकचा हीटर पाण्यात बुडवलेल्या रॉडसारखाच दिसतो. त्यापेक्षा विजेचा हिशेबच अर्जात मांडावा: ६ वॅटचा फिल्टर चोवीस तास चालून महिन्याला साधारण ४.३ युनिट खातो, १८ वॅटचा एलईडी दिवा रोज सात तास चालून ३.८ युनिट, आणि थर्मोस्टॅट असलेला ५० वॅटचा हीटर फक्त हिवाळ्यात, तोही दिवसाला सरासरी आठ तास चालला असे धरले तर १२ युनिट. हे आकडे पाहिल्यावर नकार देणारे रेक्टर मला क्वचितच भेटले आहेत. खोलीतल्या जोडीदाराची संमती मात्र कागदावर घेऊन भागत नाही. रात्री अकरानंतर दिवा बंद राहील असा टायमर लावावा, आणि मागे अडकवण्याचा फिल्टर घेतला असेल तर पाण्याची पातळी त्याच्या ओठापर्यंत ठेवावी, म्हणजे पाणी पडण्याचा आवाज रात्रभर कानावर येत नाही.

विजेच्या सुरक्षिततेत मरीन टँक गोड्या पाण्याच्या टँकहून फार वेगळा आहे. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते, आणि फिल्टरमधून उडणारे बारीक तुषार वाळले की वायरवर, झाकणाच्या कडेवर पांढरे मिठाचे पापुद्रे चढत जातात. हे पापुद्रे वायरच्या आधाराने सरकत थेट एक्स्टेन्शन बोर्डाच्या भोकापर्यंत पोहोचलेले मी अनेकदा पाहिले आहेत. बोर्ड उघडला की आतल्या पितळेवर हिरवा थर दिसतो. म्हणून बोर्ड टँकच्या पातळीहून वर भिंतीवर लावावा, प्रत्येक वायर आधी खाली लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे थेंब खालच्या वळणावरून जमिनीवर पडेल, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी बटणे बंद करावीत. हीटर पाण्याबाहेर उघडा पडून चालू राहिला तर तडकतो, हेही पाणी बदलताना ध्यानात ठेवावे.

आता मीठ. स्वयंपाकाचे मीठ किंवा कोकणातल्या मिठागरातले खडे मीठ चालेल का, असे मला नेहमी विचारले जाते, कारण तेही शेवटी समुद्राचेच असते. ते चालत नाही. मिठागरात पाणी आटत जाते तसा आधी चुना आणि जिप्सम तळाला बसतो, मग साधे मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. म्हणजे हाती येणारे मीठ हे बहुतांश सोडियम क्लोराइड असते आणि ज्या घटकांमुळे पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान टिकतो व शंख-कोळंबीची कवचे बनतात, ते घटक त्यातून वगळले गेलेले असतात. रेड सी, इन्स्टंट ओशन, ॲक्वाफॉरेस्ट अशा कंपन्यांचे मरीन मीठ वापरावे. समुद्राची सरासरी क्षारता ३५‰, म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार, असते आणि ती साधण्यासाठी लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. पहिल्या भरणीला सव्वा किलो आणि नंतर आठवड्याला साडेतीन लिटर पाणी बदलले तर महिन्याला अर्धा किलो, असा हिशेब धरला तर चारेक किलोचे मीठ एका सत्राला पुरून उरते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडी पिशवी दगड होते, म्हणून मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवावे.

मीठ कधीही प्राणी असलेल्या टँकमध्ये थेट टाकू नये. कोऱ्या बादलीत आधी पाणी घ्यावे, त्यात थोडे थोडे मीठ घालावे, आणि छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्यावे. सुरुवातीला पाणी दुधाळ दिसते, सकाळपर्यंत ते काचेसारखे स्वच्छ व्हायला हवे; तसे झाले नाही तर मीठ ओले झालेले तरी असते किंवा एकदम ओतलेले तरी. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून ती दाखवणारे उपकरण, घ्यावा आणि तो साध्या पाण्यावर न जुळवता ३५‰ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. काटा फिरणारा प्लॅस्टिकचा स्वस्त हायड्रोमीटर एका बुडबुड्याने फसतो.

मिठाइतकेच महत्त्व पाण्याला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, शिवाय त्यातले फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला खाद्य पुरवतात, म्हणून आरओचेच पाणी घ्यावे. येथे होस्टेलच्या कूलरवर आंधळा विश्वास ठेवू नये. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून मूळ पाणी थोडे परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नास ते शंभर निघतो. काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर घेऊन कूलर, मेसचा फिल्टर, २० लिटरचा विकतचा जार या तिन्हींचे पाणी तपासावे आणि सर्वांत कमी आकड्याचे घ्यावे. दहाच्या आत मिळाले तर उत्तम. बॅटरीत घालण्याचे पाणी काही जण वापरतात. त्याचा प्रत्येक कॅन मीटरवर तपासून घेतला तर माझी हरकत नाही.

मालवणहून पाणी आणण्याचा प्रश्न येथेच संपवतो. जानेवारी ते एप्रिलमध्ये, खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर भरलेले समुद्राचे पाणी चांगले असते यात शंका नाही. परंतु पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे कोकण किनाऱ्यावरच्या पाण्याची क्षारता घसरते आणि गाळ वाढतो. शिवाय घाट उतरून दर महिन्याला कॅन भरून आणणे सत्र परीक्षेच्या काळात जमत नाही, आणि एकदा त्या पाण्यावर टँक बसवला की मिठाचे पाणी करण्याची सवय लागत नाही. दगडांबाबत तर विचारच करू नये. मालवणला १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जिवंत प्रवाळ आहेत, आणि तेथून शंख, दगड, प्राणी उचलून आणणे हा गुन्हा आहे.

प्रवाळांबद्दलही तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, तसेच सर्व समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या समाविष्ट आहेत. मृत प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही, त्यामुळे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा खरा प्रवाळाचा तुकडा घेऊ नये; सिरॅमिकचे कृत्रिम दगड घ्यावेत, जीवाणू त्यांवरही तितकेच चांगले वसतात. दुकानदार प्रवाळांचेच नातेवाईक असलेले मऊ शरीराचे झोअँथिड देऊ करतील. कायद्याच्या अंगाने त्यांची गोष्ट वेगळी असली तरी दोघांच्या बंद खोलीत मी ते ठेवू देणार नाही, कारण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते आणि असे दगड गरम पाण्यात उकळताना किंवा ब्रशने घासताना उडालेल्या वाफेने व तुषारांनी माणसे रुग्णालयात गेल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. होस्टेलमध्ये कोणीतरी एक दिवस तो दगड केटलीत टाकणारच.

गोड्या पाण्याचा अनुभव असल्याने नायट्रोजन चक्राची प्राथमिक माहिती तुम्हाला असेलच: घाणीतून अमोनिया, जीवाणूंमुळे त्याचे नायट्राइट, आणि शेवटी नायट्रेट. फरक असा की समुद्री पाण्याचा पीएच वरचा असल्याने अमोनियाचा विषारी हिस्सा येथे मोठा असतो, उलट पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइटचा माशांना होणारा त्रास पुष्कळ कमी असतो. चक्र सुरू करण्यासाठी टँकमध्ये कोळंबीचा तुकडा कुजवण्याची जुनी पद्धत होस्टेलमध्ये वापरू नये. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतून तक्रार येईल. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण बाजारातला नव्हे तर प्रयोगशाळेतला शुद्ध, ३४ लिटरला जेमतेम ०.२ ग्रॅम घातला की अमोनिया सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होतो. सोबत बाटलीतले मरीन जीवाणू घालावेत. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, अशी स्थिती यायला चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात काचेवर आणि वाळूवर तपकिरी साय धरते. ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते, आपोआप ओसरते, आणि तिला घाबरून टँक धुऊन काढणारे लोक चक्र पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतात.

रोजचे काम एकच आहे आणि तेच बहुतेकांकडून चुकते. पाणी आटते, मीठ आटत नाही. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या एवढ्या टँकमधून दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर सहज उडते. तीन दिवसांत दोन लिटर गेले तर ३५ ची क्षारता ३७ च्या पुढे सरकते आणि कोळंबीसारखे प्राणी आधी मंदावतात. त्यामुळे काचेवर पातळीची रेघ मारून ठेवावी आणि रोज सकाळी मेसला जाण्यापूर्वी साधे आरओचे पाणी रेघेपर्यंत भरावे. हे पाणी खारे नसावे. आठवड्याच्या पाणी बदलाला खारे पाणी, रोजच्या भरपाईला गोडे, एवढे पक्के बसले की निम्मी अडचण संपते. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणाऱ्या टँकला प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने घाण काढणारे यंत्र) किंवा वेगवेगळी औषधे मुळीच लागत नाहीत, आणि दुकानात कोणी आग्रह केला तरी ती घेऊ नयेत.

तापमान २५ ते २७ अंश असावे. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात पारा ३७-३८ वर जातो आणि गच्चीखालची खोली संध्याकाळी तापलेली राहते. पण आपल्याकडचा तो उन्हाळा कोरडा असतो, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा यूएसबीचा छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी खाली आणतो. पावसाळ्यात हवा दमट झाल्याने हाच पंखा फारसे काही करत नाही, परंतु तेव्हा त्याची गरजही नसते. पाणी ३० अंशांवर गेले तर खाणे बंद करावे आणि पृष्ठभाग जास्त हलता ठेवावा, कारण खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्याहून सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजन कमी विरघळतो आणि उष्णतेने तो आणखी घटतो. बर्फ टाकू नये. डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान १४-१५ अंशांपर्यंत उतरते, त्या दोन महिन्यांसाठीच हीटर.

आता ज्याबद्दल कोणी आधी सांगत नाही ते. होस्टेलमध्ये ढेकणांसाठी फवारणी होते, पावसाळ्यात डासांसाठी महापालिकेची धुरळणी होते, आणि खोलीतला जोडीदार रोज सकाळी बॉडी स्प्रे मारतो. या फवारणीत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके असतात. माणसाला ती तुलनेने सौम्य असली तरी कोळंबी आणि खेकडे हे कीटकांचे जवळचे नातेवाईक असल्याने त्यांना अगदी सूक्ष्म मात्राही पुरते, आणि माशांनाही ती फार घातक असतात. एका वसतिगृहात विद्यार्थी वर्गात असताना मास्टर चावीने खोल्या उघडून फवारणी करण्यात आली. मला बोलावले तेव्हा पाणी पूर्ण स्वच्छ, अमोनिया शून्य, क्षारता बरोबर, आणि स्वच्छक (क्लीनर) कोळंबी मात्र पाठीवर पडून पायांची थरथर करत होती. संन्यासी खेकडे शंखातून अर्धे बाहेर आले होते. पाण्याच्या तपासणीत काहीच सापडत नाही, म्हणून लोक नको ती कारणे शोधत बसतात. हवेचा पंप चालू असेल तर तो खोलीतली हवा खेचून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे नुकसान आणखी वेगाने होते.

यावर उपाय साधे आहेत, फक्त ते आधी करावे लागतात. परवानगीच्या अर्जातच अशी विनंती लिहावी की या खोलीत फवारणीपूर्वी एक दिवस कळवावे, आणि तीच सूचना दारावर आतून-बाहेरून चिकटवावी. कळले की टँक प्लॅस्टिकच्या कागदाने चहूबाजूंनी झाकून घ्यावा, हवेचा पंप बंद करावा, पाणी फक्त फिल्टरने फिरते ठेवावे, आणि खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावरच, शक्यतो चार-पाच तासांत, कागद काढावा. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची नवी पिशवी घालावी आणि दहा लिटर खारे पाणी बदलासाठी तयार ठेवावे. हातांना ओडोमॉस, साबण किंवा सॅनिटायझर लागलेला असताना पाण्यात हात घालू नये. कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुऊन घ्यावे. डासांसाठी जाळी लावावी, लिक्विडचे मशीन त्या खोलीत नकोच.

वीज जाण्याची तयारी तुलनेने सोपी आहे. ३४ लिटरच्या टँकला दीड-दोन वॅटचा यूएसबी हवेचा पंप पुरतो, आणि दहा हजार एमएएचची मोबाइलची पॉवर बँक तो पंधरा तासांच्या आसपास चालवते. अडचण फक्त तुम्ही खोलीत नसताना येते, म्हणून वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा पंप घेणे चांगले. मात्र कोल्हापुरात एवढ्यावर समाधान मानू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहराचा वीज व पाणीपुरवठा विस्कळीत झाला होता, आणि महामार्ग बंद पडल्याने माल येणेही थांबले होते. तुमचे होस्टेल टेकडीवर असेल, पाणी दारात येणार नाही, पण आरओ बंद राहील. जुलै-ऑगस्टमध्ये वीस लिटर आरओचे आणि दहा लिटर तयार खारे पाणी कॅनमध्ये झाकून ठेवलेले असावे.

प्राण्यांबाबत माझे मत अनेकांना रुचत नाही: पहिल्या सत्रात मासाच ठेवू नये. तीन-चार संन्यासी खेकडे, काही गोगलगायी आणि एक स्वच्छक कोळंबी, एवढ्यावर टँक बघण्यासारखा असतो, त्यांची घाण कमी होते आणि दोन-चार दिवस खाणे चुकले तरी बिघडत नाही. कोळंबी दर काही आठवड्यांनी कात टाकते आणि ती पारदर्शक कात मिशांसकट हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी तळाशी पडलेली दिसते. जोडीदाराला हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर व्याख्यान चालू असताना फोन येतो. मासा घ्यायचा तो एकच ओसेलारिस क्लाउनफिश, आणि तोही बंदिवासात पैदा झालेला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केल्याला बरीच वर्षे झाली आहेत, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरलेले नाही. त्याला समुद्रफुलाची (ॲनिमोनची) गरज नसते. जोडी ३४ लिटरमध्ये काही काळ राहते, पण मादी वाढली की लहान जागेत ती नराला आणि तुमच्या हातालाही चावते. डॅमसेल स्वस्त असतात म्हणून घेऊ नयेत, ते पुढे कोणालाही टँकमध्ये टिकू देत नाहीत. ब्लू टँग फूटभर वाढतो. लायनफिशचे काटे विषारी असतात आणि तो होस्टेलच्या खोलीत ठेवणे हा निव्वळ अविचार आहे.

मरीन मासे कोल्हापूरला बहुधा मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने येतात. इतका वेळ बंद राहिलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खाली गेलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासन्‌तास तिच्यात टँकचे पाणी थेंबथेंब सोडण्याची पद्धत येथे उलटी पडते. दुकानाला त्यांच्या पाण्याची क्षारता आधीच विचारावी, कारण बरेच विक्रेते ती कमी ठेवतात. टँकची क्षारता त्याच्या जवळ आणून ठेवावी, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगवून तापमान जुळवावे, आणि उघडल्यावर मासा लगेच उचलून टँकमध्ये सोडावा. पिशवीतले पाणी टाकून द्यावे.

सुट्ट्यांसाठी शहरातच राहणारा एखादा वर्गमित्र आणि खोलीची चावी, यांना पर्याय नाही. त्याला मोजून ठेवलेल्या आरओच्या बाटल्या द्याव्यात आणि खाणे कागदाच्या पुड्यांत, एकेका दिवसाची तारीख घालून, दिवसाआड एक पुडी या बेताने बांधून द्यावे. खाण्याचा मूळ डबा कुलपात ठेवावा, कारण प्रेमाने जास्त खाऊ घालणारे मित्र फार असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागत असेल तर टँक मित्राच्या घरी हलवावा. निम्म्याहून जास्त पाणी कॅनमध्ये काढून सोबत न्यावे, दगड पाण्यात बुडालेलेच ठेवावेत, फिल्टरचा स्पंज ओला राहू द्यावा, वाळू नेण्याचा मोह टाळून नवी घालावी, आणि हे काम रिक्षात नव्हे, एखाद्या छोट्या टेम्पोत, सकाळी लवकर करावे. पाणी भरलेला टँक कधीही उचलू नये, तळाची सांध सुटते. असा मित्र मिळत नसेल तर खोलीत टँक ठेवू नये. प्राणिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत कोपरा मिळतो का, ते विचारावे.

तुमचे सत्र नुकतेच सुरू झाले आहे असे धरून क्रम सांगतो. जुलैत अर्ज, स्टँड आणि पाण्याची तपासणी करावी. ऑगस्टमध्ये टँक भरून चक्र सुरू करावे, गणपतीच्या सुट्टीत त्याला एकटे राहू द्यावे, आणि परत आल्यावर अमोनिया-नायट्राइट शून्य येत असेल तर खेकडे व गोगलगायी, त्यानंतर दोन आठवड्यांनी कोळंबी आणावी. दिवाळीच्या सुट्टीत वर्गमित्राची परीक्षा या बिनमाशांच्या टँकवर होऊ द्यावी. सुट्टीहून आल्यावर क्षारता, रेघेची पातळी आणि उरलेल्या पुड्या पाहिल्या की त्याने काम कसे केले ते कळते. ते नीट झाले असेल तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी हीटर लावून चार दिवस तापमान २६ वर स्थिर राहते का ते पाहावे, आणि मगच क्लाउनफिशसाठी दुकानात फोन करावा.